मुंबई ते नेवार्क नक्की किती लांब, आणि जाताना-येताना तास वेगळे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईवडील मुंबईहून नेवार्कला मुलीकडे निघालेत, एका साइटवर अंतर १२,५५० किमी आणि वेळ १४ तास दाखवतंय, तिकिटावर मात्र जाताना साडेसोळा तास आणि येताना साडेचौदा. मग खरं कुठलं? आणि पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते तर अमेरिकेला जाताना उलट लवकर पोचायला नको का?

मी वीसेक वर्षं फ्लाईट डिस्पॅचला काढलीत. म्हणजे विमान उडायच्या आधी त्याचा रूट, इंधन, वारे, वाटेत अडचण आली तर कुठल्या विमानतळावर उतरायचं हे सगळं जमिनीवर बसून ठरवणारा माणूस. त्यामुळे हा प्रश्न मला लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो आणि मठ्ठा गार होईपर्यंत (तो आधीच गार असतो म्हणा) मी उत्तर देत बसतो. आधीच सांगतो, साइट खोटं बोलत नाहीये आणि तिकीटही नाही, दोघं वेगवेगळी गोष्ट मोजतायत.

आधी अंतराचं बघू. नकाशा भिंतीवर सपाट लावलेला असतो म्हणून आपल्याला वाटतं मुंबईहून सरळ डावीकडे, अरबी समुद्र, ओमान, सौदी, इजिप्त, अल्जेरिया, मग अटलांटिक पार केला की झालं. ती रेघ मोजली तर साधारण १४,२०० किमी भरते. आता घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर काढा, ३० सेमी व्यासाचा असतो तो साधारण, आणि शिवणाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर (त्या गोलावर नेवार्क लिहिलेलं नसतंच, शेजारीच आहे, चालतं) आणि दोरा ताणा. सैल असेपर्यंत तो कुठेही पडेल पण जसा ताणाल तसा आपोआप वर सरकायला लागतो, कच्छवरून सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मग रशियात सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, स्वीडन, आइसलँड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून लॅब्राडोर आणि तिथून खाली नेवार्क. दोरा पट्टीवर मोजा, साडेएकोणतीस सेंटीमीटरच्या आसपास येईल. त्या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे जवळपास ४२५ किमी, गुणाकार करा, साडेबारा हजार. झालं तुमचं साइटवालं अंतर, शिवणाच्या दोऱ्याने. यालाच ग्रेट सर्कल म्हणतात, गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता, सपाट नकाशावर तो वाकडा दिसतो तो नकाशाचा दोष.

ज्यांना गणित आवडतं त्यांनी एक्सेलमध्ये करून बघा. मुंबईचे अक्षांश १९.०९ उत्तर, रेखांश ७२.८७ पूर्व. नेवार्कचे ४०.६९ उत्तर, ७४.१७ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, तो आला ०.२१३. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा (१४७.०४ अंश) कोसाइन असा तिघांचा गुणाकार, तो येतो उणे ०.६०१. बेरीज उणे ०.३८८. याचा उलटा कोसाइन घेतला की कोन मिळतो ११२.८ अंश, आणि आता मजा बघा, या कोनाला ६० ने गुणलं की सरळ नॉटिकल माईल, ६,७७० च्या आसपास. कारण नॉटिकल माईलची मूळ कल्पनाच अंशाचा साठावा भाग अशी आहे. त्याला १.८५२ ने गुणा, किलोमीटर. पृथ्वी अगदी चेंडूसारखी गोल नाही, विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवाकडे ६,३५७, त्यामुळे चांगल्या साइट्स थोडं अजून बारीक गणित लावतात आणि दहा-वीस किमीचा फरक पडतो. इतक्या लांबच्या फ्लाईटमध्ये तो कोणी विचारत नाही. नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून मोजलंत तरी वीसेक किमीच वाढतील, पण तिथे पोचायला घरून किती वेळ लागेल तो प्रश्न या सूत्राच्या बाहेरचा आहे.

यात दोन चुका लोक हमखास करतात. एक म्हणजे अंश आणि मिनिटं, ४० अंश ४१ मिनिटं लिहिलेलं असतं ते लोक ४०.४१ टाकतात, पण ४१ मिनिटं म्हणजे ०.६८ अंश, तिथेच तीस किमी गेले. आणि दुसरी चूक जास्त भारी. आमच्याकडे एक नवीन मुलगा ट्रेनिंगला होता, हुशार, त्याला हेच गणित दिलं तर पाच मिनिटांत म्हणाला सर २,४०० किमी. मी म्हटलं अरे एवढ्यात तर तू ताश्कंदच्या आसपास पोचशील, अमेरिका कुठली. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचं विसरला होता, ४०.६९ उत्तर आणि ७४.१७ *पूर्व* म्हणजे किर्गिझस्तानचे डोंगर. त्याला पुढे वर्षभर सगळे किर्गिझ म्हणत होते. (एक्सेलमध्ये अंशांचं रेडियन करायलाही विसरू नका, नाहीतर येणाऱ्या आकड्याला काही अर्थच नसतो.)

तर १२,५५० बरोबर आहे. पण त्या दोऱ्यावरून विमान जातच नाही, हा पहिला मुद्दा.

दोरा ज्या देशांवरून जातो त्यातले काही तुम्हाला येऊ देणार नाहीत, आणि कोणाला येऊ देणार नाहीत ते विमानाच्या शेपटीवर कुठल्या देशाची कंपनी आहे त्यावर ठरतं. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर रशियाचं आकाश अमेरिकन, कॅनेडियन, ब्रिटिश आणि युरोपियन युनियनच्या कंपन्यांना बंद झालं, भारतीय कंपन्यांना नाही. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना बंद केलं, तसं ते २०१९ मध्येही फेब्रुवारी अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होतं. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये, अगदी सारखंच विमान, पण कंपनी वेगळी म्हणून रस्ता वेगळा. शिवाय अफगाणिस्तानवर २०२१ नंतर कंट्रोलरची (जमिनीवरून विमानांना रस्ता देणाऱ्याची) नेहमीसारखी सेवा राहिली नाही, आखातात काही पेटलं की इराण-इराकचा पट्टा एका रात्रीत बंद होतो, आणि प्रत्येक देश वरून जायचे पैसे घेतो ते वेगळेच, म्हणजे स्वस्त रस्ता आणि जवळचा रस्ता यातही भांडण.

या भांडणात मुंबईचं नशीब दिल्लीपेक्षा बरं. दिल्लीवाल्यांना पाकिस्तान बंद झाला की आधी खाली गुजरातपर्यंत यावं लागतं, मग समुद्र. आपण समुद्रावरच बसलोय. २७ नंबरच्या रनवेवरून उठलं की जुहूचा किनारा आणि अरबी समुद्र, तिथून मस्कत, इस्तंबूल, आयर्लंडमधलं शॅनन आणि मग अटलांटिक असा ढोबळ रस्ता धरला तर चारही तुकडे मिळून १३,००० किमी होतात. म्हणजे दोऱ्यापेक्षा फक्त साडेचारशे किमी जास्त, साडेतीन टक्के. एवढा वळसा घालून एवढंच? हो, कारण पृथ्वीगोलावर मधेच थोडं बाजूला सरकलं तर अंतर फारसं वाढत नाही, दोरा अगदी किंचित सैल केलात तरी मधे किती बाजूला सरकतो ते बघा.

म्हणजे अंतरातून फार तर अर्धा तास आला. तुमचे दोन तास अंतरात नाहीतच, ते हवेत आहेत.

आता हे नीट समजून घ्या कारण सगळी गंमत इथेच आहे. विमान जमिनीच्या तुलनेत उडत नाही, हवेच्या तुलनेत उडतं. जेट विमान वर गेलं की त्याचा वेग आम्ही मॅकमध्ये मोजतो, समजा ०.८४ मॅक, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ८४ टक्के. वर उणे ५६ अंश तापमानाला आवाजाचा वेग असतो ५७३ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल माईल), त्याचे ८४ टक्के म्हणजे ४८२ नॉट, सुमारे ८९० किमी ताशी. हा झाला हवेतला वेग. पण ती हवा स्वतःच चालतेय ना! उत्तर गोलार्धात ज्या उंचीवर आपण उडतो तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाची नदी वाहते, हिवाळ्यात तिच्या मधोमध शंभर-दीडशे नॉट कधी त्याहून जास्त. कोकणातल्या खाडीत भरतीच्या विरुद्ध होडी वल्हवून बघा, हात तेवढेच चालतात, किनारा मात्र हलत नाही.

हिशोब मांडतो. १३,००० किमी म्हणजे ७,०२० नॉटिकल माईल. वारा शून्य धरला तर भागिले ४८२, १४ तास ३४ मिनिटं. आता जाताना संपूर्ण रस्त्याची सरासरी ४० नॉट समोरून वारा धरा, वेग उरला ४४२, वेळ १५ तास ५३ मिनिटं. येताना तोच ४० नॉट पाठीमागून, वेग ५२२, वेळ १३ तास २७ मिनिटं. बघा, फक्त ४० नॉटमध्ये जवळजवळ अडीच तासांची तफावत. आणि अजून एक, जाताना जे हरवलं ते येताना पूर्ण परत मिळत नाही, दोन्ही बेरजा करून बघा, वाऱ्याशिवाय येऊन-जाऊन २९ तास ८ मिनिटं होत होते, वाऱ्यासकट २९ तास २० मिनिटं. कारण उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता. वारा दोन्हीकडून मिळून नेहमी थोडा खातोच.

म्हणून आम्ही लोक किलोमीटरमध्ये विचारच करत नाही. आमच्या फ्लाईट प्लॅनवर जमिनीवरच्या अंतराशेजारी एक आकडा असतो, हवेतलं अंतर, म्हणजे विमानाने हवा किती कापली. वरच्या उदाहरणात जमीन दोन्ही वेळा ७,०२० पण हवा जाताना ७,६५० आणि येताना ६,४८०. विमानाला, इंधनाला, पायलटच्या ड्युटीच्या तासांना हा दुसरा आकडाच कळतो. मला कोणी विचारलं ना मुंबईहून नेवार्क किती लांब आहे तर मनातलं खरं उत्तर असं असतं की नेवार्क मुंबईहून जेवढं लांब आहे तेवढी मुंबई नेवार्कहून लांब नाही.

विश्वास बसत नसेल तर दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं बघा. एअर इंडियाचं हे विमान आधी अटलांटिककडून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट दिशेने, पॅसिफिकवरून नेलं, १५,३०० किमी, म्हणजे चौदाशे किमी *जास्त*, आणि साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. पाठीवर वारा घेऊन गेले, बस. अंतर मोजून वेळ सांगणाऱ्या साइटला हे कधीच सांगता येणार नाही.

आणि वाऱ्याची ताकद किती ते फेब्रुवारी २०२० ला दिसलं, कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, जमिनीवरचा वेग १,३०० किमी ताशीच्या वर गेला होता. पेपरात आलं आवाजापेक्षा वेगात. नाही हो, हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, हवाच धावत होती.

आता पृथ्वी फिरण्याचं. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी साधारण १,५८० किमीने पूर्वेकडे पळतेय हे खरं, पण हवा, विमान, तुम्ही, विमानतळावर हात हलवणारे नातेवाईक सगळेच तिच्यासोबत पळतायत. चालत्या लोकलमध्ये पाण्याची बाटली वर उडवली तर ती मागच्या डब्यात नाही पडत, तुमच्याच हातात येते. त्यामुळे नेवार्क आपल्याकडे फिरत येईल आणि आपण फक्त वर तरंगत थांबायचं, असं होत नाही. पण फिरण्याचा अजिबात संबंध नाही असंही नाही, विषुववृत्ताकडची गरम हवा ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वी फिरते म्हणून ती पूर्वेकडे वळते, जेट स्ट्रीम तयार होते ती त्यामुळेच. म्हणजे पृथ्वी फिरते म्हणून अमेरिकेला जाताना लवकर नाही, उलट उशीर होतो.

अटलांटिकवर तर या वाऱ्यासाठी रोज नवे रस्ते आखतात. शॅनविक आणि गँडर असे दोन कंट्रोल, एक आयर्लंड-ब्रिटनकडून आणि एक कॅनडाकडून, रोजचा वारा बघून समांतर ट्रॅक काढतात, दिवसा अमेरिकेकडे जाणाऱ्यांचे आणि रात्री युरोपकडे येणाऱ्यांचे. जाणाऱ्यांना जेट स्ट्रीम चुकवून आणि येणाऱ्यांना तिच्यात घालून. त्यामुळे काल आईस्क्रीम आलं तेव्हा नकाशावर आइसलँड दिसत होतं आणि आज नाही, असं होणारच. एकदा मी प्रवासी म्हणून बसलो होतो तर शेजारच्या आजी समोरच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या अहो हा वर कुठे निघालाय, बर्फात, माझा नातू तर खाली आहे! मी त्यांना नॅपकिनची कडा आणि संत्रं घेऊन दोऱ्याचा प्रयोग करून दाखवला, त्यांनी ऐकून घेतलं आणि मग संत्रं सोलून अर्धं मला दिलं.

आता तिकिटावरचा आकडा. तिकिटावरची वेळ उडण्यापासून उतरण्यापर्यंतची नसते, तिला ब्लॉक टाइम म्हणतात, चाकाखालची लाकडी-रबरी अडण काढून विमान हललं तिथपासून पलीकडे गेटवर पुन्हा अडण लागली तिथपर्यंत. मुंबईत दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना छेदतात, एका वेळी एकच वापरता येतो, त्यामुळे पुशबॅक (गेटवरून विमान मागे ढकलणं) झाल्यावर रांगेत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. तर १५ तास ५३ मध्ये मुंबईचे २५ आणि नेवार्कचे १२ घाला, साडेसोळा तास. तुमचं तिकीट जुळलं. येताना १३ तास २७ मध्ये दोन्हीकडचं टॅक्सीचं (म्हणजे गेट आणि रनवेच्या मधे विमान जमिनीवर चालतं त्याचं) अर्धा-पाऊण तास घातलं तरी सव्वाचौदाच्या आतच होतं, उरलेली पंधरा-वीस मिनिटं कंपनीने खिशात ठेवलेली असतात, मुंबईवर घिरट्या घालाव्या लागल्या तर. कधी विमान अर्धा तास लवकर येतं आणि कॅप्टन मोठ्या अभिमानाने सांगतो ना, ते बऱ्याचदा खिशातलंच असतं.

वेळापत्रक मुळात एका दिवसाचं नसतं, त्या मोसमातले बहुतेक दिवस बसतील असा आकडा असतो. जानेवारीतली एक रात्र आठवतेय, प्लॅन काढला तर रोजच्यापेक्षा पन्नास मिनिटं जास्त येत होती, अटलांटिकवर जेट स्ट्रीम बरोबर नाकासमोर. आता जास्त वेळ म्हणजे जास्त इंधन, आणि जास्त इंधन वाहायलाही इंधन लागतं, लांबच्या फ्लाईटला एक टन जादा घेतलं तर दर तासाला त्यातलं तीन-चार टक्के ते स्वतःला वाहून नेण्यातच जळतं, पंधरा तासांनी टनातलं जेमतेम अर्ध्याहून थोडं जास्त हातात उरतं. वजनाची मर्यादा आली की काहीतरी उतरवायला लागतं. मी उत्तरेकडून आठशे किमी लांबचा एक रस्ता काढून बघितला, जमिनीवर लांब पण हवेत तीस मिनिटांनी जवळ, आणि तोच पाठवला. तरी थोडं कार्गो राहिलंच खाली, आणि कार्गोवाल्यांनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथे नको.

तासांचं गणित स्वतः करताना घड्याळांची वजाबाकी करू नका, दोन्ही वेळा आधी झुलूमध्ये न्या, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत. समजा जानेवारीत मुंबईहून रात्री दीडला निघून नेवार्कला सकाळी साडेसातला पोचतंय. भारताचे साडेपाच तास वजा, आदल्या दिवशीचे २०:०० झुलू. नेवार्क हिवाळ्यात पाच तास मागे, म्हणून पाच मिळवा, १२:३० झुलू. फरक साडेसोळा. उन्हाळ्यात नेवार्क चारच तास मागे असतं, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत, त्यामुळे मार्चमध्ये बऱ्याच लोकांना वाटतं फ्लाईट एक तास लांबली, लांबलेली नसते, घड्याळ पुढे केलेलं असतं.

घरच्या घरी अंदाज काढायचा तर मी असा काढतो: ग्रेट सर्कल घ्या, त्यात चार टक्के घाला, ८९० ने भागा, पश्चिमेकडे जाताना हिवाळा असेल तर सव्वा तास मिळवा आणि उन्हाळा असेल तर पाऊण, पूर्वेकडे येताना तेवढंच कमी करा पण थोडं हात राखून, वर टॅक्सीचे चाळीस मिनिटं. मुंबई–दिल्लीसारख्या ११४० किमीच्या उड्डाणाला हे चालणार नाही, तिथे चढण्या-उतरण्यातच अर्धा प्रवास जातो, साध्या भागाकाराने सव्वा तास येतो आणि तिकिटावर सव्वादोन असतात.

आणि तुमच्या आईवडिलांसाठी, हे काहीच करू नका. त्यांच्या फ्लाईटचा नंबर कुठल्याही ट्रॅकिंग ॲपवर टाका आणि मागच्या आठ-दहा दिवसांत ते विमान खरोखर किती वाजता टेकलं ते बघा. मुलीला सांगा टेकल्यावर टॅक्सी, इमिग्रेशन, बॅगा धरून किमान तासभर तरी जातो, आणि व्हीलचेअर सांगितली असेल तर विमानातून सगळ्यात शेवटी उतरवतात, पण इमिग्रेशनच्या रांगेत बहुतेक वेळा तेच पुढे निघतात.